हॉटेल कॅलिफोर्नियाचा ‘खरा’ अर्थ: स्टेजवर काय सांगू?

तेरावी तार
९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

मंडळी, एक अडचण आहे. ऐकून हसाल, पण माझी झोप उडाली आहे.

डिसेंबरात आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला तीस वर्षं होताहेत. दर पाच वर्षांनी आम्ही जमतो आणि दर वेळी जेवणाआधी मला स्टेजवर ढकललं जातं, कारण हॉस्टेलमध्ये गिटार असलेला मी एकटा. (गिटार मिरजेची. म्हणजे गिटार मुंबईची, पण तिची घोडी उखडली तेव्हा सतारमेकरांच्या गल्लीतल्या एका कारागिराने शिसवीची नवी बसवून दिली. तारा मोजून म्हणाला, “सहाच? आणि तरफा कुठंयत?” माझा आयडी तेव्हापासूनचा.) गाणं एकच ठरलेलं, ईगल्स ह्या अमेरिकन बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. आणि गाण्याआधीचं माझं भाषणही ठरलेलं. लोक गाण्यापेक्षा त्या भाषणाची वाट बघतात असं मला वाटतं. बायकोच्या मते जेवणाची.

भाषण असं. आधी दिवे मंद करायला सांगायचे. मग आवाज खाली आणून सुरू करायचं, की हे हॉटेल म्हणजे हॉटेल नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोत सैतानाची पूजा करणाऱ्यांचा एक मठ होता. तो ज्या रस्त्यावर होता त्याचं नाव कॅलिफोर्निया स्ट्रीट. त्यांची पोथी छापून आली १९६९ साली, आणि गाण्यात नेमकं १९६९ हेच साल येतं. रेकॉर्डचं कव्हर उघडलं की आत हॉटेलच्या चौकात जमलेली माणसं दिसतात, आणि वर सज्जात एक सावली. तोच त्यांचा टकलू मठाधिपती, अँटन लाव्हे. गाण्याच्या शेवटी सगळे मिळून एका जनावराला सुऱ्यांनी भोसकतात, पण ते मरत नाही. ते जनावर कोण, हे मी सांगायचं नाही. थांबायचं, सगळ्यांकडे एकदा बघायचं आणि पहिली तार छेडायची. मागच्या खेपेला एका मित्राच्या बायकोने खुर्ची नवऱ्याच्या जवळ ओढून घेतली होती. कलाकाराला आणखी काय हवं?

ही कथा मला १९९२ साली हॉस्टेलमध्ये मडगावच्या एका सीनिअरने सांगितली. त्याच्याकडे टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट होती, कॉपीच्या कॉपीची कॉपी. शब्द छापील कुठे मिळत नव्हते. आम्ही चौघं पाच-पाच सेकंद मागे नेऊन एकेक ओळ ऐकायचो आणि जर्नलच्या मागच्या पानावर उतरवायचो. वाळवंटातला अंधारा रस्ता, केसांत गार वारा, इथपर्यंत सुखरूप पोचलो. पुढे हवेतून कसलातरी उबदार वास येतो, तो ‘कोलिटास’चा. तिथे गाडी रुतली. एकाचा थोरला भाऊ मेडिकलला होता, त्याला पत्र टाकून विचारलं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं: “शब्द कोलायटिस असावा. मोठ्या आतड्याचा दाह. वासाबद्दल पुस्तकात विशेष माहिती नाही, पण अंदाज करता येतो.” पुढची तीन वर्षं आम्ही तो शब्द त्याच श्रद्धेने गायलो.

सैतानाचा संदेश गाणं उलटं वाजवलं की स्पष्ट ऐकू येतो, असंही सीनिअरने सांगितलं होतं. म्हणून एका रात्री कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फितीला पीळ देऊन ती पालथी बसवली आणि दाराला कडी लावून ऐकत बसलो. घागरीत तोंड घालून कुणीतरी रशियन बोलतंय असा आवाज आला. एकाला घाम फुटला. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, की फीत अशी पालथी केली की दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं वाजतं, आणि दुसऱ्या बाजूला सीनिअरने कोंकणी मांडो भरून ठेवले होते.

असो. मुद्द्यावर येतो. माझी मुलगी अकरावीत आहे, तीही आता गिटार शिकते. परवा माझी तालीम ऐकून म्हणाली, “बाबा, ह्या सगळ्या थापा आहेत. त्या बँडनेच कितीदा सांगितलंय.” मी म्हटलं, ते नाहीच म्हणणार ना! तर म्हणे, “म्हणजे ते हो म्हणाले तरी खरं आणि नाही म्हणाले तरी खरं?” ह्यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिला अभ्यासाचं विचारलं.

तर जाणकारांना दोन प्रश्न. ह्या गाण्याचा अर्थ नक्की काय? आणि तीस वर्षं सांगितलेली थाप भर स्टेजवर मागे कशी घ्यायची?

कळफलक
१० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

घागरीतल्या रशियनसाठी धाग्याला पाच तारे. अर्थाबिर्थाचं मला कळत नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

फेडर
१० नोव्हेंबर, दुपारी १:२२

मुलगी बरोबर आहे. पण अर्थाकडे जायच्या आधी हे गाणं घडलं कसं ते बघा, निम्मा धूप-धूर तिथेच ओसरतो. (मी बावीस वर्षं रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे. गाण्याचे शब्द मला सगळ्यात शेवटी ऐकू येतात, हे आधीच कबूल करतो.)

शब्द नव्हतेच आधी. आधी चाल होती. बँडमधला गिटारवाला डॉन फेल्डर लॉस एंजेलिसजवळ मालिबूला समुद्रकाठी भाड्याच्या घरात राहत होता. तिथे बारा तारांच्या गिटारवर त्याने ही कॉर्डची माळ गुंफली, घरच्या चार ट्रॅकच्या टेपवर भरली आणि बाकीच्या बऱ्याच तुकड्यांबरोबर कॅसेटवर घालून मंडळींना दिली. बँडमध्ये ह्या तुकड्याचं नाव पडलं ‘मेक्सिकन रेगे’. सैतानाला वाहिलेल्या स्तोत्राचं पाळण्यातलं नाव असं नसतं. त्यावर शब्द नंतर चढले, मुख्यतः गायक डॉन हेन्लीचे, सोबत बँडमधलाच ग्लेन फ्राय.

फेल्डरची मूळ चाल ई मायनरमध्ये होती. हेन्लीला ती फार वर जायला लागली, म्हणून बी मायनरला उतरवली. फेल्डरने मग सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. म्हणजे आपल्याकडच्या हजारो पोरांनी आयुष्यातली पहिली बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायची) जी ह्या गाण्यापायी बोटं सोलून शिकली, त्यामागे संकेत नाही, एका गायकाचा गळा आहे.

आता शेवटची ती दोन गिटारींची जुगलबंदी, फेल्डर आणि जो वॉल्श. लोकांना त्यात अडकलेल्या आत्म्यांचा आक्रोश ऐकू येतो. रेकॉर्डिंग मायामीत चाललं होतं. फेल्डर म्हणाला, मी आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. हेन्ली म्हणाला, नाही, कॅसेटवर होतं तस्संच हवं, सूर न् सूर. पण कॅसेट राहिली लॉस एंजेलिसच्या घरी. शेवटी फेल्डरने घरी फोन लावला, कामवाल्या बाईंना कॅसेट शोधायला लावली, त्यांनी ती प्लेअरवर लावून फोनचा रिसीव्हर समोर धरला, आणि इकडे मायामीत ह्यांनी आपलंच वाजवणं ऐकून ऐकून पुन्हा बसवलं. आत्मे नव्हेत, ट्रंक कॉल.

आणखी एक. त्याच इमारतीत शेजारच्या स्टुडिओत ब्लॅक सॅबथ ह्या, सैतानी बाण्यासाठी बदनाम बँडचं काम चालू होतं. त्यांचा आवाज भिंतीतून इतका यायचा की ईगल्सना टेक थांबवावे लागायचे. सैतान हवाच असेल तर तो शेजारी भाड्याने होता.

सुऱ्यांचंही सांगतो. सुऱ्यांना लावलेलं ‘स्टीली’ हे विशेषण म्हणजे स्टीली डॅन ह्या बँडला मारलेला डोळा. त्यांनी १९७६ च्याच एका गाण्यात, ईगल्सचा आवाज वाढव, शेजारी ऐकताहेत, अशी टपली मारली होती. दोघांचा मॅनेजर एकच. तेव्हा हे घरातलं भांडणही नव्हे, चेष्टा.

देवचार
१० नोव्हेंबर, दुपारी ३:४८

हेन्ली कशाला खरं सांगेल? रेकॉर्ड खपायला हव्यात ना. उलटं वाजवून ऐका. आग असल्याशिवाय धूर येत नाही.

फेडर
१० नोव्हेंबर, दुपारी ४:१०

उलटं वाजवलेलं ऐकून झालंय, रशियन निघालं. गंमत बाजूला, उलट्या संदेशांची साथ अमेरिकेत इतकी पसरली होती की १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या समितीपुढे लेड झेपलिन बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ उलटं वाजवून दाखवलं गेलं. काय ऐकायचं ते आधी कागदावर लिहून हातात दिलं की कुठल्याही खरखरीत ते ऐकू येतं. माझ्याकडे कुलरच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आहे, सांगाल ते नाव त्यात ऐकवतो.

कढीलिंबू
१० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी मूळची नाशिकची, लॉस एंजेलिसजवळ अठरा वर्षं आहे. कव्हरवरचं हॉटेल बेव्हर्ली हिल्सचं, १९१२ पासूनचं, गुलाबी. भारतातून पाहुणे आले की डिस्नेलँड, हॉलीवूडची पाटी आणि हे हॉटेल, अशी आमची चारधाम यात्रा असते. आत जाऊन कॉफी पिण्याची ऐपत नाही असं नवरा म्हणतो, म्हणून बाहेरून फोटो. कव्हरवर दिसतं तसं मात्र ते रस्त्यावरून कधीच दिसत नाही. तो फोटो सूर्य मावळताना, सनसेट बुलेव्हार्डवर क्रेनच्या पाळण्यात बसून साठेक फुटांवरून काढलेला आहे. मी खालून मान उंच करकरून पाहिलं, नुसती ताडाची झाडं.

आणि तेरावी तार, तुमच्या भाषणातलं मोठं भोक इथेच आहे: आतला फोटो त्या हॉटेलचा नाहीच. तो हॉलीवूडमधल्या लिडो नावाच्या दुसऱ्या हॉटेलच्या लॉबीत काढला. सज्जातली सावली त्या फोटोसाठी गोळा केलेल्या गर्दीतलीच कुणीतरी. बाहेर एक हॉटेल, आत दुसरं. गाण्याला हे जास्त शोभतं असं मला वाटतं.

‘कोलिटास’चं सांगते, पण मुलीला हे तुम्हीच सांगा. स्पॅनिशमध्ये कोलिटा म्हणजे छोटं शेपूट, शेपटुली. बोलीत गांजाच्या झाडाचे शेंडे. माझ्या ऑफिसात एक मेक्सिकन बाई आहेत, त्यांना तुमच्या पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. त्यांनी जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि डोळे पुसले.

आता अर्थ. आम्ही लास व्हेगसहून रात्री परत येतो तेव्हा तासन् तास मोहावीचं वाळवंट. बारस्टो गेलं की मुलं झोपतात. मग काहोनचा घाट उतरताना समोर अचानक सगळी दरी उजळलेली दिसते, दिव्यांचा असा गालिचा की झोपलेल्याला उठवून दाखवावा. फेल्डरने पुढे सांगितलंय, की बँडमधला एकही जण मूळचा कॅलिफोर्नियाचा नव्हता. हेन्ली टेक्सासचा, फ्राय डेट्रॉइटकडचा, फेल्डर फ्लोरिडाचा, मेझ्नर नेब्रास्काचा, वॉल्शही बाहेरचाच. सगळ्यांनी ते दिवे असेच पहिल्यांदा लांबून पाहिलेले. पाहिल्यावर माणूस आत शिरतो, आणि पुढचं तुम्ही गाताच. चावी परत करता येते, निघता येत नाही.

आम्ही २००७ साली ‘दोन वर्षांत परत’ म्हणून आलो होतो. सासूबाईंनी नाशिकच्या घरात आमच्या खोलीला अजून कुलूप लावलेलं आहे, गादी दर उन्हाळ्यात गच्चीवर टाकतात. नवऱ्याच्या मते हे गाणं ग्रीन कार्डच्या रांगेवर आहे. विनोद म्हणून म्हणतो. पहिली दहा वर्षं मी हसले.

अवांतर: मेक्सिकोत टोडोस सांतोसला खरंच ह्या नावाचं हॉटेल आहे. बँडने त्यांच्यावर २०१७ मध्ये दावा लावला होता, पुढच्या वर्षी मिटला. आम्ही टी-शर्ट आणले.

तेरावी तार
१० नोव्हेंबर, रात्री १०:१५

कढीलिंबूताई, माझा मठाधिपती तुम्ही लॉबीतून हाकलून दिलात. मुलीला शेपटुल्यांचं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, तुम्ही ‘कोलायटिस’ इतक्या मनापासून गाता की सांगवलं नाही.”

फेडर, ट्रंक कॉलचा किस्सा भाषणात घेतोय. पण १९६९ चं काय? सगळं मान्य केलं तरी ते साल तिथे उगाच आलेलं नाही ना?

वाईची बाई
११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी पाचगणीला तीस वर्षं मराठी शिकवलं, आता वाईला घरी असते. रॉकमधलं मला माझ्या मुलामुळे थोडं कळतं. पण अर्थ काढण्याच्या खटपटीत माझा जन्म गेला, म्हणून लिहिते.

तेरावी तार, तुमचा घोटाळा सैतानाचा नाही. तुम्ही इंग्रजी गाण्याला भारुड समजून बसलात. नाथांचा विंचू चावतो तेव्हा बाई किंचाळते, लोक हसतात, आणि मग नाथ स्वतःच सांगतात की हा विंचू कामक्रोधाचा, तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. कुलूप आणि किल्ली एकाच कनवटीला. आपल्याला लहानपणापासून ही सवय, की वर दिसतं ते सोंग आणि आत एक नेमका अर्थ, आणि तो ठाऊक असणारा कुणीतरी असतोच. तुमच्या हॉस्टेलात तो मडगावचा होता इतकंच. पण भारुडकाराला आपला अर्थ शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा असतो. हे रॉकवाले किल्ली देतच नाहीत, पुष्कळदा त्यांच्याकडे ती नसतेही.

जॉन लेननची गोष्ट वर्गात सांगायचे. लिव्हरपूलच्या ज्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेतल्या एका मुलाचं त्याला पत्र आलं, की आमचे सर आता तासाला बीटल्सच्या गाण्यांचा अर्थ लावायला सांगतात. लेननला इतकी मजा वाटली की ‘आय ॲम द वॉलरस’ मध्ये त्याने सुचेल ते असंबद्ध कोंबलं, घ्या, लावा आता अर्थ म्हणून. हे १९६७ चं. लोकांनी त्याचाही लावला! आणि वॉलरस त्याने उचलला होता लुईस कॅरलच्या कवितेतून. त्या कवितेत वॉलरस हा लबाड, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. म्हणजे कवीनेच मूळ कविता नीट वाचली नव्हती. ही गोष्ट सांगितली की मुलं जो टाळ्यांचा कडकडाट करायची, तो माझ्या विषयाच्या विरोधात आहे हे मला कळायचं.

पाचगणीत राहिल्यामुळे दुसऱ्या एका गाण्याचं मला फार विचारतात. क्वीन ह्या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बलसारा, आठ-नऊ वर्षांचा असताना झांझिबारहून आमच्या इथे बोर्डिंगला आला. सेंट पीटर्समध्ये शिकला, मुलांचा बँड काढून पियानो वाजवायचा. त्याच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’त मधेच ‘बिस्मिल्ला’ येतं, म्हणून दर पावसाळ्यात कुणी ना कुणी पर्यटक टेबललँडवर घोड्यावर बसून मला पाचगणीतली कुठली मशीद ते विचारतो. तो पारशी होता हो! त्या मधल्या भागात स्कारामूश आहे, तो जुन्या इटालियन नाटकातला विदूषक. फँडांगो आहे, तो स्पॅनिश नाच. गॅलिलिओ आहे, फिगारो आहे. ज्याच्या जिभेला जो शब्द गोड लागला तो त्याने घेतला असं मला दिसतं. मुलगा म्हणतो, नाही आई, आईला हाक मारून खून कबूल करणारा तो पोरगा म्हणजे फ्रेडीने मारून टाकलेला जुना फ्रेडी. गीतकार टिम राइस ह्यांचंही मत तसंच आहे. असेल. इराणात २००४ साली ह्या बँडची गाणी अधिकृतपणे कॅसेटवर निघाली तेव्हा सोबत फारसीत अर्थाचं पत्रक होतं: हातून खून झालेल्या तरुणाने आत्मा सैतानाला विकला, आणि फाशीच्या आदल्या रात्री देवाचं नाव घेऊन तो परत मिळवला. तिथे ह्या अर्थाशिवाय ते गाणं दुकानात आलं असतं का, मला शंका आहे. फ्रेडी स्वतः म्हणायचा, ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा.

पण मला ह्या सगळ्यांपेक्षा एक कागद मोलाचा वाटतो. २०२३ साली लंडनला त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात ह्या गाण्याचा हस्तलिखित खर्डा निघाला, विमान कंपनीच्या फुकट मिळणाऱ्या कागदांवर लिहिलेला. वर नाव आहे ‘मंगोलियन रॅप्सडी’, आणि त्यातलं मंगोलियन खोडून बोहेमियन केलंय. पन्नास वर्षं लोक ‘बोहेमियन’ ह्या शब्दाची साल काढत बसले. त्याच्या आईला मारलेल्या हाकेपुढेही आधी खून नव्हता, युद्ध सुरू झाल्याची बातमी होती. खोडलेला शब्द दिसला की मला कवी भेटल्यासारखा वाटतो. छापलेला शब्द बघून भेटतो तो टीकाकार.

म्हणून फेडर, तुमच्याशीही थोडं भांडते. चाल आधी झाली, गळ्यासाठी सूर उतरवला, सुऱ्यांमध्ये चेष्टा होती, हे सगळं मान्य. पण म्हणून शब्दांना अर्थ नाही असं होत नाही. चाल आधी आणि शब्द मागाहून अशी तर आपल्याकडची निम्मी सिनेमातली गाणी झाली, त्यांना काय अर्थ नसतो? हेन्ली नुसता नाही म्हणत नव्हता. अमेरिकन स्वप्नाच्या पोटाखालची काळी बाजू आणि आमचीच चैन, हे तो स्वतः सांगून बसलाय, निरागसपणाकडून अनुभवाकडे जाणं असंही म्हणालाय. एवढी चांगली किल्ली क्वचित कुणी देतो.

आता १९६९. गाण्यातला प्रवासी वाइन मागतो आणि हॉटेलचा माणूस म्हणतो, ते स्पिरिट आमच्याकडे १९६९ पासून नाही. २००९ साली एका पत्रकाराने हेन्लीला टोकलं, की वाइन आंबवतात, गाळत नाहीत, तेव्हा ती स्पिरिटमध्ये मोडत नाही. हेन्ली वैतागला. म्हणाला, हे सांगणारे तुम्ही पहिले नाही, आणि ओळ दारूबद्दल नाहीच. मराठीत हा श्लेष येत नाही, चैतन्य आणि स्पिरिट आपल्याकडे एका बाटलीत मावत नाहीत, म्हणून आपण सरळ साल धरून बसतो. त्या वर्षी ऑगस्टात वुडस्टॉकला चार लाख पोरं चिखलात बसून गाणी ऐकत होती. डिसेंबरात कॅलिफोर्नियातच आल्टामाँटला तसाच मेळा भरला आणि स्टेजसमोर एका तरुणाला भोसकून मारलं. चार महिन्यांचं अंतर. हॉटेलचा माणूस म्हणतो ते संपलंय, ते हे असावं. तुमच्या सैतानाची पोथीही त्याच वर्षी निघाली, पण त्या वर्षी माणूस चंद्रावरही गेला. मग गाणं नील आर्मस्ट्राँगवर का नाही?

कळफलक
११ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

बाई, ग्रेसच्या कवितेचा अर्थ परीक्षेत चार गुणांसाठी विचारणाऱ्यांना हे ऐकवा.

वाईची बाई
११ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मीच विचारायचे. दोन गुण वाटेल त्या उत्तराला देत असे.

तेरावी तार
२९ डिसेंबर, रात्री १२:५५

धागा वर काढतोय, क्षमस्व. परवा स्नेहसंमेलन झालं.

आधी दिवे मंद केले. सवयीने आवाज खाली गेला, “हे हॉटेल म्हणजे हॉटेल नव्हे” इथपर्यंत आलो, आणि मुलगी शेजारी दुसरी गिटार घेऊन बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं. थांबलो. म्हटलं, मित्रहो, मी तुम्हाला तीस वर्षं फसवलं. मागून आवाज आला, “माहितीये! सैतान काढ!” मग कामवाल्या बाईंचा फोन सांगितला, दोन हॉटेलं सांगितली, सातव्या पडद्यावरचा कॅपो दाखवला. लोक सभ्यपणे ऐकत होते. सैतानाच्या वेळी असायची तशी शांतता नव्हती, दोघे सूप घ्यायला उठले. १९६९ वर आलो तेव्हा बायकोने घड्याळ दाखवलं.

मग ज्याचा भाऊ मेडिकलला होता तो उठला. माझा धागा त्याने वाचला होता, मला न सांगता. खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं पोस्टकार्ड काढलं आणि माइक ओढून घेऊन वाचलं. “वासाबद्दल पुस्तकात विशेष माहिती नाही” ह्याला सभागृह जे कोसळलं, ते मी गाणं सुरू केल्यावरही थांबेना. तो वास यायची ओळ आली आणि नव्वद माणसं एका सुरात ‘कोलायटिस’ ओरडली. मुलीचा कॉर्ड चुकला. माझाही.

काल मडगावच्या सीनिअरचा नंबर एकाकडून मिळवला. बत्तीस वर्षांनी बोलणं झालं. म्हटलं, अरे, ती लाव्हेची गोष्ट तू कुठे ऐकली होतीस? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी? ती मला तूच सांगितली होतीस मरे, मेसच्या पायऱ्यांवर.”

आणि मांडोची कॅसेट परत मागतोय. तिला पीळ दिलेला अजून तसाच आहे, हे त्याला सांगितलेलं नाही.